चांदी आटवायची भट्टी घरी बसवायची तर कुठं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. हुपरीजवळ तुमचं नवं घर होतंय, तळमजला आणि वर एक मजला. वडिलांची भट्टी जुन्या घराच्या सोप्यात होती, ते घर आता पाडलं. दिवसाला तीन-चार आटण्या, एका वेळी दोन किलोपर्यंत. सध्या गॅसची भट्टी आहे, वर्षभरात इलेक्ट्रिक घ्यायचा विचार आहे. जागा तीन डोळ्यांसमोर आहेत: जिन्याखालची खोली, गच्चीवर पत्र्याचं शेड, नाहीतर मागचं परडं. घरात आईला दमा, दोन लहान पोरं. आणि बांधकामवाला म्हणतो, जिन्याखाली बसवा, नाहीतरी ती जागा फुकटच जाते.

माझं उत्तर: परडं. गच्ची चालू शकेल, पण त्याला अटी बऱ्याच. जिन्याखाली मात्र नाही, मग भट्टी गॅसची असो, कोकची (दगडी कोळशापासून केलेल्या जळणाची) असो की इलेक्ट्रिक.

मी सहा वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत ओतकामाला होतो. त्यानंतर बावीस वर्षं चांदीची आटणी केली, आणि आता गुडघे बोलायला लागल्यावर लोकांच्या भट्ट्या बसवून देतो. त्यामुळं जे सांगतोय त्यातलं थोडं वाचलेलं आहे, बरंचसं भाजून घेतलेलं.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मी इथं बसून ठरवू शकत नाही. तुम्ही नुसती चोख चांदीची वीट आटवता की गिऱ्हाइकांची मोडही, म्हणजे जुने मोडके दागिनेही, आटवता? परड्याला लागून शेजाऱ्याची खिडकी आहे का? परड्यात बोअर, ड्रेनेजचं चेंबर, धुण्याचा दगड यातलं काय कुठं आहे? यांची उत्तरं बदलली तर परड्यातला कोपरा बदलेल. जिन्याखालचा नकार बदलणार नाही.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडं भट्टीची जागा चुकते ती बहुतेक वेळा चोरीच्या भीतीनं. आजच्या भावात दोन किलो चांदी म्हणजे काय रक्कम झाली ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून माणूस घरातली सगळ्यात आतली, बिनखिडकीची, एका दाराची खोली बघतो आणि तिथंच तिजोरी, काटा, भट्टी सगळं एकत्र मांडतो. तिजोरीला अशी खोली उत्तम. भट्टीला तिच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. या दोन्हींची गरज उलटी आहे. चांदीला बंदोबस्त लागतो, भट्टीला हवा आणि पळायला वाट लागते. चांदी आत ठेवा, आटवायची तेवढी मोजून बाहेर आणा, आटवून झाली की परत आत न्या. दिवसाला चार फेऱ्या पडतील. पडू देत.

दुसरं, जागा बघताना लोक भट्टीचं माप घेतात. दीड फूट बाय दीड फूट, बसली कोपऱ्यात, झालं. पण भट्टी जागची हलत नाही, धोका तिचा कमी. धोका आहे तो मूस, म्हणजे चांदी वितळवायचं भांडं, सांडशीत धरून साच्यापर्यंत नेण्याच्या पाच-सात सेकंदांचा. त्या वेळी चांदी हजार अंशांच्या वर असते आणि तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतात. दोन किलो चांदी म्हणजे जेमतेम १९० मिली, चहाचे दोन लहान कप. दिसायला एवढीशी, म्हणून माणूस गाफील राहतो. तेव्हा आधी ओतायची वाट आखायची, मग तिच्या एका टोकाला भट्टी आणि दुसऱ्या टोकाला साचा ठेवायचा. वाट एका पावलाची असावी, फार तर दोन. वाटेत उंबरा नको, पायरी नको, वायर नको, आणि कुणाची जा-ये नको. उजवखोरा असाल तर भट्टीकडून साच्याकडं वळताना पाठ भिंतीकडं जाते की उघड्या बाजूला, हेही करून बघा. मागं सरकायची वेळ आली तर मागं मोकळं पाहिजे.

जिन्याखालची जागा इथंच बाद होते. डोक्यावर उतरता स्लॅब, वाकून उभं राहायचं, मागं सरकायला भिंत, आणि वर घरातल्यांचा येण्याजाण्याचा एकमेव मार्ग. काही पेटलं तर वरची माणसं उतरणार कुठून?

ओलीबद्दल जरा लांबण लावतो, कारण आपल्या भागात जून ते सप्टेंबर हाच खरा शत्रू. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. वर धातू असतो, तो उडतो. फौंड्रीत हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तरीही पुढं चांदीच्या कामात आल्यावर एकदा पावसाळ्यात साचा न तापवता ओतलं. रात्रभर साचा खिडकीत होता, हाताला कोरडा लागला. चांदी आत गेली आणि फट्‌ करून परत वर आली. डाव्या मनगटावर तूरडाळीएवढे तीन डाग अजून आहेत. डोळे वाचले ते केवळ मान वळलेली होती म्हणून. त्या दिवसापासून साचा भट्टीच्या कडेवर तापवून, त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच उडून जातो इतका गरम झाल्याशिवाय मी ओतलेलं नाही. थेंब टाकून बघितल्यावर साचा पुन्हा क्षणभर तापवायचा, हे विसरू नका. नवी मूसही पावसाळ्यात ओल धरते. ती आधी मंद आचेवर, मग लाल करून, मग तिच्यात सवागी, म्हणजे टाकणखार, फिरवून तयार करायची.

याचा जागेशी संबंध असा की खालची जमीन कोरडी राहणारी पाहिजे. शहाबादी फरशी, टाइल, साधं काँक्रीट, सगळ्यांत ओल मुरलेली असते. त्यांवर चांदी सांडली तर फरशीचे टवके उडतात आणि त्यांच्यासोबत चांदीही. मी काय करतो? भट्टी आणि साचा या दोन्हींच्या खाली एकच उथळ लोखंडी ट्रे, त्यात अग्निविटांचा थर, वर दोन-तीन इंच कोरडी बारीक वाळू. ट्रेला कडा असल्यामुळं सांडलेली चांदी पळत नाही, वाळू चाळली की कण न् कण परत मिळतो. नाहीतर ती फटीत जाते आणि शेवटी झारेकऱ्याच्या, म्हणजे धुळीतून सोनं-चांदी वेचणाऱ्याच्या, नशिबात. ट्रे जमिनीपासून वीटभर उंच ठेवायचा, म्हणजे परड्यात पाणी आलं तरी खालून ओल चढत नाही.

गच्चीला माझा पहिला आक्षेप हाच. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो पावसाळाभर पाणी धरून बसतो. वरून कोरडा दिसतो. दुसरा आक्षेप वळवाचा. एप्रिल-मे मध्ये दुपारी चारला आभाळ कसं अचानक उठतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मूस लाल झालेली, आणि पत्रा थडथडायला लागतो, आडवी झड आत येते. अशा वेळी ओतताही येत नाही आणि थांबताही येत नाही. तिसरा आक्षेप गॅसचा, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, दीड ते दोन पट. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराकडं वाहतो. गच्चीवरचा उतार म्हणजे जिना. नळी सुटली तर गॅस पायऱ्या उतरून घरात, स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी. गच्चीच करायची असेल तर जिन्याच्या दाराला निदान सहा इंचांचा उंबरा आणि बंद होणारं दार, तीन बाजूंनी पक्की भिंत आणि चौथी बाजू वाऱ्याच्या पाठीला. तरी भरलेला व्यावसायिक सिलिंडर वर चढवायचा तो तुम्हीच. त्यात गॅस १९ किलो, आणि लोखंडाचं वजन वेगळं. धंद्याला घरगुती सिलिंडर वापरू नका, ते कायद्यात बसत नाही आणि काही झालं तर विमाही हात वर करतो.

परड्यातही गॅसचा हाच विचार लागू. ड्रेनेजचं चेंबर, गटार, पाण्याची जमिनीतली टाकी यांच्याजवळ सिलिंडर नको, कारण गळलेला गॅस तिथंच जाऊन बसणार. मी सिलिंडर भट्टीपासून निदान दहा फुटांवर, मध्ये भिंत घेऊन, सावलीत आणि उभा ठेवतो. बंद करायचा कॉक मात्र अशा जागी की भट्टीला ओलांडून जावं लागू नये. पेट घेतलाय भट्टीपाशी आणि कॉक तिच्या पलीकडं, असं मी दोन ठिकाणी बघितलंय.

आता धूर. तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिक घेतली की धुराचा प्रश्न मिटेल. अर्धा मिटतो. जळणाचा धूर जातो, धातूचा राहतो. चांदी वितळते ९६२ अंशांना. जुन्या डाकात, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असेल तर ते उकळतं ७६७ ला, आणि जस्त उकळतं ९०७ ला. म्हणजे तुमची चांदी अजून वितळलेलीही नसते तोवर मोडीच्या डाकातलं कॅडमियम आणि जस्त वाफ होऊन हवेत जायला लागलेलं असतं. पांढरा धूर येतो तो जस्ताचा. तपकिरी-पिवळसर झाक दिसली तर तोंड फिरवून बाहेर या, ते कॅडमियम आहे आणि ते फुप्फुसांना फार वाईट. त्या क्षणी फक्त घसा खवखवतो, खरा त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस फसतो. भट्टी विजेवर चालली म्हणून यात तसूभर फरक पडत नाही. नुसती चोख वीट आटवत असाल तर प्रश्न खूपच हलका. म्हणून सुरुवातीला विचारलं की मोड घेता का. घेत असाल तर दमा असलेल्या माणसाच्या छताखाली भट्टी नको, एवढं पुरे.

धूर ओढायचा पंखा किंवा हूड डोक्यावर लावायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. भट्टीवर वाकलेल्या माणसाचं तोंड भट्टी आणि हूड यांच्या मध्येच येतं, सगळा धूर नाकावरून जातो. भट्टीच्या मागं, मुशीच्या तोंडाच्या उंचीला, बाजूनं ओढणारं तोंड ठेवा. नळकांडं घराच्या छतापेक्षा वर न्या, आणि हवा आत यायला समोरून तेवढीच वाट ठेवा. हवा आत येत नसेल तर पंखा नुसता गरगरतो.

कोकची भट्टी तुमच्याकडं नाही, तरी वाचणाऱ्यांत कुणाकडं असेल म्हणून सांगतो. एका पावसाळ्यात आम्ही दोघं एका घराच्या मागच्या खोलीत कोकवर आटवत होतो. झड आत येते म्हणून दार लोटलेलं. तासाभरानं डोकं जड झालं. वाटलं, जेवलो नाही म्हणून असेल. जोडीदार लघवीला उठला आणि उंबऱ्यातच बसला, पाय उचलेना. तो उंबऱ्यात पडला म्हणून दार उघडं राहिलं आणि म्हणून मी हे लिहितोय. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही आणत नाही. गॅसच्या भट्टीलाही हवा कमी पडली तर ती हाच वायू सोडते.

परड्यात शेड टाकताना वाऱ्याचा हिशेब करा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. शेडची पश्चिम बाजू भिंतीनं बंद करा, पूर्वेची आणि एखादी आडवी बाजू उघडी ठेवा, वर पत्रा बाहेर काढा. वासे लोखंडी घ्या, लाकडी नको. कुणी जुना सिमेंटचा पत्रा आडोशाला सुचवेल, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, कापू नका आणि वापरूही नका. एक गंमत सांगतो. वास्तूवाले आग्नेय कोपरा सांगतात, आणि पश्चिमेचा वारा असताना घराच्या आग्नेयेचा धूर खरोखरच घरापासून लांब जातो. पण पूर्वेला शेजाऱ्याचं माजघर असेल तर तुमचा आग्नेय त्याच्या पश्चिमेला येतो, आणि मग रोज सकाळी भांडण. त्यासाठी सोपी चाचणी आहे. जागा ठरवण्याआधी चार दिवस तिथं भट्टीच्या उंचीला दोन-तीन उदबत्त्या लावा, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. धूर कुणाच्या खिडकीत जातो ते बघा. पैसे लागत नाहीत.

उजेडाचंही एक आहे. लख्ख उन्हात चांदीचा रंग कळत नाही. लाल आहे की नारिंगी, पुरती वितळली की नाही, हे सावलीतच दिसतं. उन्हात काम करणारा माणूस खात्रीसाठी दोन मिनिटं जास्त तापवतो. जास्त तापलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते, आपल्या आकारमानाच्या कित्येक पट, आणि गोठताना तो बाहेर टाकते. तेच ते पृष्ठभागावर उडणारे फुटाणे. मुशीत कोळशाचा तुकडा टाकायची जुन्या लोकांची सवय त्यासाठीच होती. म्हणून भट्टीचं तोंड उत्तरेच्या किंवा सावलीच्या बाजूला.

इलेक्ट्रिकची तयारी आत्ताच करून ठेवा. भट्टीच्या पाटीवरचा किलोवॅट बघा. पाच किलोवॅटचं यंत्र सिंगल फेजवर बावीसेक अँपिअर ओढतं, त्याला घरातल्या प्लगवरून वायर ओढून चालत नाही. मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र ब्रेकर, चांगलं अर्थिंग. इंडक्शनची (तांब्याच्या कॉइलमधून वीज सोडून धातू तापवणारी) भट्टी असेल तर तिच्या कॉइलला बहुतेक वेळा थंड पाणी फिरवावं लागतं, म्हणजे चांदीशेजारी पाणी आलंच. ते पाइप ओतायच्या वाटेच्या उलट्या बाजूनं घ्या. बांधकाम चालू असतानाच भिंतीतून पाइप टाकलात तर नंतर फोडाफोडी नको.

बाकीचं भरभर. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या हाताशी, वितळलेल्या चांदीवर पाणी कधीच नाही. पावडरचा अग्निशामक दाराजवळ, भट्टीजवळ नव्हे. शेडचं दार बाहेर उघडणारं, आणि काम चालू असताना त्याला आतून कडी नाही. पोरांसाठी बाहेरून कमरेएवढं फाटक. ॲसिडचं काम भट्टीच्या शेडमध्ये नको, दोन्हींच्या वाफा एकत्र नकोत. बांधण्याआधी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या, आणि विमा एजंटाला भट्टीचं लपवू नका. आणि कोल्हापुरी चपलेचा मलाही अभिमान आहे, पण ओतताना ती घालू नका. पट्ट्यात अडकलेला थेंब झटकता येत नाही. नाडी नसलेला चामडी बूट, वर सुती पँट.

शेवटी, शेडचा पाया खोदायच्या आधी परड्यात खडूनं सगळं आखा. भट्टी, साचा, वाट, कॉक, दार. रिकाम्या मुशीत दोन किलो वाळू भरा, सांडशीत धरा आणि रोज ज्या वेळी आटणी करता त्याच वेळी दहा-बारा फेऱ्या मारा. घरातल्यांना सांगू नका की तुम्ही काय करताय. मागच्या वर्षी एका घरी आम्ही असंच आखलं होतं, कागदावर सगळं चोख. तिसऱ्या फेरीला त्या घरातल्या वहिनी धुण्याची बादली घेऊन बरोबर माझ्या आणि साच्याच्या मधून गेल्या. धुण्याचा दगड पलीकडं, नळ अलीकडं, वीस वर्षांची त्यांची वाट तीच. चूक त्यांची नव्हती. आम्ही शेड सात फूट सरकवलं.

तुमच्या परड्याचा हातानं काढलेला नकाशा टाका, लांबी-रुंदी, बोअर, चेंबर, धुण्याची जागा आणि शेजाऱ्याच्या खिडक्या दाखवून. मग कोपरा कोणता ते सांगतो.